सासूबाईंच्या टेबलावरचा चिकटा

जावयाने सासूला खूश करायला जावं आणि ते धडपणे पार पडावं, असं कधी झालंय का? मिस्त्रीचंही तेच झालं. माणूस मनाने सोन्यासारखा, हातात कसब, पण घाई अशी की विचारू नका. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात त्याची वीस वर्षं गेलेली. तिथे सगळे त्याला मिस्त्री म्हणत, आणि चिडली की बायकोसुद्धा "अहो मिस्त्री" म्हणायची. ती बऱ्याचदा चिडायची.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. सगळा जन्म शिवणकामात गेलेला. गेल्या पाच-सहा वर्षांत नजर मंदावत मंदावत उजेड-अंधार कळण्यापुरती उरली, तरी बाईंनी कात्री काही खाली ठेवली नाही. थोडं दिसत होतं तेव्हाच त्यांनी आपल्या लाकडी टेबलाच्या कडेला कानशीने खाचा पाडून घेतल्या होत्या. दर इंचाला बारीक खाच, दर सहाव्या इंचाला खोल. बोट फिरवायचं, खाचा मोजायच्या, कापड कापायचं. शिवणं लेकीकडे. एप्रन, उशांचे अभ्रे, दवाखान्याचे गाऊन असं काय काय मायलेकी करायच्या, आणि सासूबाईंनी कापलेला तुकडा कधी चुकला असं झालं नाही.

मायलेकी दोन दिवस सासूबाईंच्या थोरल्या मुलीकडे गेल्या आणि मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळला. टेबल जुनं, भेगा पडलेल्या, कापडाचे धागे त्यात अडकतात. वरून इपॉक्सीच्या पारदर्शक राळेचा हात मारला तर काचेसारखं लख्ख होईल, आई खूश होतील! खाचांचं काय, हा विचार त्याला शिवला, नाही असं नाही. पण पातळच तर थर द्यायचाय, खाचा कुठे जातात, असं म्हणून त्याने तो विचार झटकला. राळ मात्र पाण्यासारखी वाहत कडेला गेली आणि एकेका खाचेत जाऊन बसली.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. टाकीची राळ लवकर सुकवायची असेल तर तिला घट्ट करणारं हार्डनर थोडं जास्त घालतात. ही गोष्ट मिस्त्रीच्या हाडीमासी खिळलेली. त्याने इथेही सढळ हाताने घातलं. इपॉक्सीचा कायदा वेगळा, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तिथे राळ आणि हार्डनर या दोन बाटल्यांची जोडी मापात जमावी लागते. जास्तीचं जे असतं ते कच्चंच राहतं.

सकाळी बोट लावलं तर चिकट. पंखा लावला, दुपार झाली, तरी चिकट. दुसऱ्या दिवशीही गुळाच्या पाकात हात घालावा तसं. मिस्त्रीची पाचावर धारण बसली. शेवटी कारखान्यातल्या सुपरवायझरने फोन नंबर दिला आणि वर बजावलं, "इपॉक्सीवाल्या काकांना बोलव. शिव्या खाशील, पण काम होईल."

काका सायकलवरून आले. साठी उलटलेली, काडीसारखा बांधा, भर उन्हात बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. टेबल त्यांनी दारातूनच पाहिलं, आत पाऊल टाकलं नाही.

"हार्डनर किती घातलं?"

"थोडं जास्त. लवकर सुकावं म्हणून."

"वा! काय डोकं चालवलंय!" काका म्हणाले. "खिडक्या उघडा आधी."

नेमक्या त्याच वेळी मायलेकी परतल्या. सासूबाई सवयीने थेट टेबलाकडे गेल्या आणि दोन्ही तळहात त्यावर टेकले. "अगं बाई! हे काय?" म्हणत त्यांनी बोटं कडेवर नेली. खाचा सापडेनात. त्या पुन्हा पुन्हा चाचपडत राहिल्या, तसा चिकटा बोटाबोटांत भरत गेला.

"जावईबापू, माझ्या खाचा कुठे गेल्या?"

मिस्त्रीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "आई, एक मिनिट, हात पुसून देतो," म्हणत तो धावला आणि थिनरची बाटली घेऊन आला. बूच काढलं, फडकं भिजवलं, आणि सासूबाईंचा हात धरणार तोच दारातून आवाज कडाडला.

"खबरदार! त्या बाईंच्या हाताला थिनर लागलं तर बघा!"

बाटली मिस्त्रीच्या हातातून पडता पडता राहिली.

"कोरड्या कागदाने पुसा. मग कोमट पाणी आणि साबण. तीनदा, चारदा, लागेल तितक्यांदा. थिनर राळेला काढत नाही, कातडीच्या आत घालतं. आत गेली की माणूस आयुष्यातून उठतो." काकांनी बाही वर केली. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी पातळ, गुलाबी, जागोजागी चिरलेली. "बावीस वर्षं इपॉक्सीच्या फरश्या घातल्या. रोज संध्याकाळी थिनरने हात धुवायचो, कसे स्वच्छ वाटायचे! एक दिवस हात सुजले, डोळे मिटले. सहा महिने शर्टाचं बटण बायको लावायची. आता कच्च्या राळेजवळ उभा राहिलो तरी पुरळ येतं. म्हणून मी राळेला हात लावत नाही. हात तुमचे, तोंड माझं."

लेकीने आईचे हात नळाखाली धरले. साबणाचा चौथा हात चालू असताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "डोळे गेले तेव्हा मी रडले नाही गं. बोटं आहेत ना, म्हटलं. आता बोटांनाच काही झालं तर मी कशावर जगू?"

मिस्त्रीने हे ऐकलं आणि त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग काका खिडकीबाहेर खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून बसले आणि आत मिस्त्रीची वरात निघाली. हातात निळे रबरी मोजे, चिकट झाले की फेकायचे आणि नवे घालायचे. पत्र्याची पट्टी घेतली तर "लाकूड सोलायचंय का?" प्लॅस्टिकची घेतली तर "हां, आता माणसात आलात." पॉलिश पेपर हातात घ्यायचा अवकाश, "ठेवा तो! कच्च्या राळेची धूळ छातीत घेऊन कुठे जायचंय?"

"काका, हॉट एअर गन आणू? पटकन सुटेल."

"आणा की! शेजारी थिनरची बाटली उघडीच आहे. येताना अग्निशमन दलालाही आमंत्रण देऊन या."

मिस्त्रीने मुकाट्याने बूच लावलं आणि बाटली अंगणात नेऊन ठेवली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. घरी परतल्यापासून पहिल्यांदाच.

वरचा थर पट्टीने निघाला. राहिलेल्या चिकट्यावर पांढरं व्हिनेगर, तेही आधी टेबलाच्या खालच्या बाजूला लावून बघितलं, लाकडाचा रंग जात नाही ना. फडकं ओलं करून ठेवायचं, थोडं थांबायचं, पुसायचं. पुन्हा तेच. थांबणं म्हणजे मिस्त्रीला काळ्या पाण्याची शिक्षा. त्यानंतर खाचा! एकेका खाचेत बांबूची टोकदार काडी घालून राळ उचलायची, टोक पुसायचं, पुढची खाच. पाच फुटांचं टेबल. मान मोडली, कंबर धरली, नाकी नऊ आले.

"कुरकुरू नका," काका बाहेरून म्हणाले. "तुमच्या मूर्खपणाला हात जोडा. माप बरोबर घेतलं असतं तर हे दगडासारखं झालं असतं. मग तासायलाच लागलं असतं, खाचांसकट."

मिस्त्रीने खरंच हात जोडले, मोज्यांसकट. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या गाढवपणाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटले.

दोन दिवसांत टेबल मोकळं झालं. पण काकांनी सासूबाईंना टेबलाला हात लावू दिला नाही. त्रास व्हायचा असला तर तो कधीकधी चार-आठ दिवसांनी वर येतो, म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी सायकल दाराशी यायची. काका सासूबाईंना खिडकीशी बसवायचे, एकेक बोट उजेडात फिरवून बघायचे, आणि चहाला नको म्हणून निघून जायचे. मिस्त्री कामावर जायचा, पण जीव घरात टांगलेला. रात्री अंथरुणात बायकोला विचारायचा, "आईंना खाज नाही ना गं?" ती म्हणायची, "झोपा आता. दहादा विचारलंत."

आठव्या दिवशी रविवार होता. काकांनी बोटं पाहिली, उलटी केली, पुन्हा पाहिली.

"खाज?"

"नाही."

"जळजळ? खोटं सांगू नका, ताई."

"अहो, काहीसुद्धा नाही."

"मग कापा."

सासूबाई टेबलापाशी गेल्या. तर्जनी कडेवर ठेवली आणि मोठ्याने मोजत निघाल्या. एक, दोन, तीन... सहाव्या खाचेत बोट खोल गेलं तशा त्या हसल्या. अठरा इंचांवर कापड धरलं आणि कात्री चालवली. लेकीने टेप लावला. अठराच्या अठरा.

मिस्त्रीने सकाळपासून आभाराचं भाषण मनात घोळवलं होतं. तो तोंड उघडणार तोच काकांनी सासूबाईंपुढे हात जोडले.

"ताई, फार उपकार झाले तुमचे."

"माझे? अहो, उलटं बोलताय काका! उपकार तर तुमचे."

"उलटं नाही." काकांचा नेहमीचा चढा आवाज कुठे गेला कोण जाणे. "थिनरने हात धुवायला आमच्या फरशीच्या कामावर सगळ्यांना मीच शिकवलं होतं. नवीन माणूस आला की मी त्याला बाटलीपाशी न्यायचो. माझ्यामागून तिघांचे हात गेले, ताई. त्यांना सांगायला फार उशीर झाला. तुमच्याकडे वेळेवर पोचलो."

सासूबाईंनी हवेत हात पुढे केला, चाचपडत काकांचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. काका हात मागे घ्यायला लागले, पण सासूबाईंनी तो सोडला नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "आज चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

काका बसले.