धनीरामकाकांचा मारोती तलावात उतरतो

कोंढ्याच्या धनीरामकाकांनी यंदा सत्तरी ओलांडली, तरी ते देवाशी अजून शेजाऱ्यासारखंच बोलतात. धानाच्या बांधीवर जाताना मारोतीच्या उघड्या पारापाशी बैल थांबवून म्हणायचे, "काय गा मारोती, लय तपून राहिलं ना? छत टाकू तुले, थोडा दम धर." त्यांची अंजू माझ्या वर्गात होती. तीही बापावर गेलेली. नवी रिबीन आणली की आधी मारोतीला दाखवायची.

माझे बाबा, आनंदराव, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. दूध सांडलं, उशीर झाला, मी मोठ्यानं हसले, की त्यांचं ठरलेलं, "देव पाहून राहिला, तृप्ते!" त्यामुळे देव म्हटलं की मला बाबांच्याच भुवया दिसायच्या.

दोन हजार तीनची गोष्ट, आम्ही पाचवीत होतो. तलावाच्या उंच पाळीवर नवं देऊळ झालं आणि हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी मारोतीला तिकडे न्यायचं ठरलं. हातभर उंचीची मूर्ती, बैलबंडी धनीरामकाकांची. काकांनी तणसाची जाड गादी केली, मूर्ती ठेवली, दोन्ही बाजूंना आम्हाला बसवलं.

"धरून बसा पोरीहो. जलमात पहिल्यांदा बंडीत बसला, घाबरन तो."

पुढे बाबा, कडक इस्त्रीच्या धोतरात. मागे बँड. बंडी पाळीवर चढली आणि पिपाणीवाल्यानं असा काही सूर काढला की बैल उधळलेच! बंडी उतारानं धडधडत तलावात शिरली आणि चिखलात रुतून थांबली. आम्ही काही थांबलो नाही. मी, अंजू, काका, मारोती, एकामागोमाग पाण्यात.

बँड बंद. पाळीवर सारं गाव गोळा. मला वाटलं, संपलं, आता आभाळ कोसळणार.

गुडघाभर पाण्यातून काका उठले. डोक्यावर शेवाळ. त्यांनी आधी आम्हा दोघींचे हातपाय चाचपले, मग मारोतीला कडेवर घेतलं. "लागलं का रे बापा?" म्हणत त्याच्या तोंडाशी कान नेला आणि वर पाहून ओरडले, "म्हणते, अजून एक चक्कर मारा!"

अंजू खिदळली. मी घाबरून बाबांकडे पाहिलं.

"धनीराम! हे हसाची गोष्ट होय का? देव पाहून—"

पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत बाबांचा पाय सरकला. हात वर, धोतर फुगलेलं, बाबा अख्खा उतार बसल्या बसल्या घसरत आले आणि छपाक्कन मारोतीसमोर पोहोचले.

"आनंदरावभाऊ," काका गंभीरपणे म्हणाले, "दंडवत इतक्या दुरून?"

बाबांच्या मिशा थरथरल्या. मी कान झाकले. आणि बाबा हसले! उचकी लागेस्तोवर, पोट धरून. त्यांची एक दाढ पडलेली आहे, हे मला दहा वर्षांत त्या दिवशी कळलं. मग बायाबापड्या, बँडवाले, सगळे धबाधब पाण्यात उतरले. बँडवाल्यांनी लग्नातली गाणी सुरू केली. मारोतीला आंघोळ घालायला भांडणं लागली.

दुसऱ्या दिवशी नव्या देवळात मी बाबांशेजारी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगून टाकलं, "मारोती, आईची चिनीमातीची बरणी मांजरीनं नाही फोडली. मी फोडली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले ठाऊक होतं व पोरी," ते म्हणाले, आणि प्रसादातला खोबऱ्याचा मोठा तुकडा शोधून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.