पटावरचा पंचविसावा

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, पण चौतीस वर्षांच्या संसारानंतर कशाची आली लाज. त्यांचं नाव शालिकराम. ते गोंदियाला राइस मिलमध्ये मशीन पाहतात आणि मी, अल्का, कुडव्यात घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. त्यांची ही गोष्ट दीड वर्ष माझ्या पोटात होती. माझ्या पोटात दीड दिवस काही राहत नाही हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे, तेव्हा मी काय सोसलं ते समजून घ्या. परवाच्या ३० जूनला वीरेंद्रभाऊ रेल्वेतून रिटायर झाले आणि माझं तोंड मोकळं झालं. त्यांचा ह्याच्याशी काय संबंध, ते पुढे येईलच.

आधी माणूस सांगते. नाकासमोर चालणारा, दारू नाही, तंबाखू नाही, पण एक वाईट सवय: काहीही विचारा, पहिलं वाक्य ‘मले नाई समजत’. बँकेचा फॉर्म आला की माझ्याकडे. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती, तिच्यात चार ओळी काय लिहायच्या, तर म्हणाले, तूच पाहा, मले नाई समजत. आणि हाच माणूस मिलमध्ये धानाचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगतो. मशीनचा आवाज दाराबाहेरून ऐकून सांगतो की आत तांदळाचा तुकडा जास्त पडतो आहे. शेठनं नवीन मशीन घेतली तेव्हा इंजिनिअरला नाही, यांना रायपूरला सोबत नेलं होतं. मी म्हटलं, बघा, डोकं आहे की तुम्हाला. तर म्हणे, ‘ते हाताचं काम हाय अल्का. डोक्याचं नाई.’

हे कुठून आलं तर शाळेतून. त्यांचं गाव आमगावच्या पुढे तीन-चार किलोमीटर. बाप लहानपणीच गेला, हे दुसरीत असताना आई गेली. मामानं सांभाळलं. तिसरीत दोन वेळा नापास झाले, पाचवीत मामानं शाळेतून काढलं. मामा वाईट नव्हता, पण गावभर सांगत सुटला की पोरगं चांगलं आहे, डोकं तेवढं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचा. ऐकून ऐकून पोराला ते खरंच वाटलं.

आणि नशीब बघा, वर्ग कोणता मिळाला. नूतनताई त्याच वर्गातली, ती डॉक्टर झाली, नागपूरला दवाखाना आहे. वीरेंद्रभाऊ रेल्वेत इंजिन चालवतात, म्हणजे चालवत होते. खुशाल झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी पार्ट करतो, तो स्टेजवर नुसता आला की मंडपात हशा. मनिराम कबड्डीत राज्याच्या संघापर्यंत पोहोचला, आता पोरं तयार करतो. चौघंही साधी, भेटली की हाक मारणार. पण हे त्यांच्या समोर जायचे नाहीत. गावात कोणाचं लग्न असलं आणि ती मंडळी एका पंगतीला बसलेली दिसली की हे लगेच वाढायला उभे. हातात भाताचं घमेलं असलं की बसा म्हणून कोणी म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या शाळेत रुचिका नावाची नवीन बाई आली. मोठी उत्साही पोरगी. तिनं शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर चाळलं आणि तिचे डोळेच मोठे झाले. गावातले चार नामवंत, चौघांचा जन्म एकाच वर्षी, १९६६ ला. बरं वर्षच काय, तारीखही एकच, एक जुलै. तिनं लगेच ठरवलं, २६ जानेवारीला सत्कार करायचा, ‘एका वर्षात जन्मलेली आपल्या गावाची चार रत्नं’. गावातली पन्नाशीच्या वरची माणसं गालात हसली. तेव्हा पोरांची जन्मतारीख कोणाला माहीत असायची? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं, आणि गुरुजी सगळ्यांच्या नावापुढे एक जुलै लिहीत. आमच्या ह्यांच्या आधार कार्डावरही तेच आहे. तारीख खोटी हे सगळ्यांना माहीत होतं. वर्ष मात्र कोणी मोजलं नव्हतं.

एक दिवस रुचिकाबाईचा ह्यांना फोन आला. मी म्हटलं, आलं बाई आमंत्रण. तर ती म्हणाली, ‘काका, केशोराव गुरुजी आमगावला राहतात. ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना ऑटोनं हाताला धरून आणायला कोणीतरी ओळखीचं पाहिजे. तुम्ही आणाल का?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच रजिस्टरात यांचंही नाव, तीच तारीख, तेच वर्ष. रत्नं ते चौघं आणि हमाली आमच्याकडे. मी म्हटलं, जायचं नाही. हे म्हणाले, ‘काऊन नाई जायचं? गुरुजीले घेऊन येतो, मागं उभा राह्यतो. बरं झालं, स्टेजवर तं बसा लागणार नाई.’

मग मी ठरवलं, मीही जाणार. मला शाल नको होती, नारळ नको होता. मला एवढंच पाहिजे होतं की माझ्या माणसानं आयुष्यात एकदा त्या चौघांच्या शेजारी खुर्चीवर बसावं, मान वर करून. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, ‘ते नाई होणार माझ्यानं.’

२६ जानेवारीला सकाळी आम्ही स्कुटीनं आमगावला पोहोचलो. गुरुजी पांढरं धोतर नेसून तयार होते. सुनेनं पोहे दिले. गुरुजींनी ह्यांना पाहिलं आणि लगेच ओळखलं. ‘शालिक ना रे तू?’ म्हणाले आणि जवळ बसवलं. हे बसले आपले खाली मान घालून, तिसरीतल्यासारखे. मला ते पाहवेना. माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी विचारलं, ‘गुरुजी, खरं सांगा. यांना शाळेत खरोखरच काही येत नव्हतं का?’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, गप म्हणून. गुरुजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

‘येईल कसं, बाई? चार वर्षांचा होता तो.’

मला वाटलं म्हातारपणी काही घोळ झाला. पण त्यांना सगळं स्वच्छ आठवत होतं. बहात्तर साल, पाण्याचे हाल. शाळा उघडून दोनच वर्षं झाली होती. तपासणीचे साहेब सांगून गेले होते की पहिलीच्या पटावर सहा वर्षांची पंचवीस पोरं दाखवा, नाहीतर शाळा नाल्यापलीकडच्या गावात हलवतो. सोमवारी येतो म्हणाले. गुरुजी घरोघर फिरले. कान धरता येतो न येतो, मोठं लहान, जे मिळालं ते लिहिलं. चोवीस झाले. पंचविसावा मिळेना.

‘रविवारी तुझी आई दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला होती,’ गुरुजी ह्यांना म्हणाले. ‘तू बांधावर, धुऱ्यावर बसला होतास. मी म्हटलं, बाई, उद्यापुरतं पोरगं दे. ती म्हणाली, गुरुजी, चार वर्षांचं आहे. मी म्हटलं, दुपारी आणून सोडतो. साहेबांसमोर तुझा हात मीच डोक्यावरून ओढला. मान वाकवली, तरी बोटं कानापर्यंत पोहोचेनात. साहेबांनी दुसरीकडे पाहिलं.’

‘मग दुसऱ्या दिवशी काढलं का नाही?’ मी विचारलं.

‘साहेब म्हणाले, पुन्हा येईन. मग दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी यायचं. काढता आलं नाही. पुढे वर्गामागून वर्ग गेला. एक मास्तर आणि साठ पोरं. तुझी आई गेली, मामाला काही माहीत नव्हतं, आणि मीही विसरलो की तू लहान आहेस. पटावर सहासष्ट लिहिलं होतं. माझ्या हातचं खोटं मीच खरं मानत बसलो. तिसरीत तुला दोन वेळा नापास केलं ते मीच. छड्याही मारल्या.’

एवढं बोलून गुरुजींनी हात जोडले. ऐंशी वर्षांचा माणूस. ह्यांनी ते हात धरून खाली केले. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

मग हे म्हणाले, ‘मी नसतो तं?’

‘शाळा गेली असती. नूतनच्या बापानं पोरीला नाल्यापलीकडे पाठवलं असतं का? मनिराम गुरं राखत राहिला असता. आज त्यांचा सत्कार आहे तो तुझ्यामुळे, आणि हे मी आता माइकवर सांगणार आहे.’

देव पावला, मी मनात म्हटलं. पदरानं डोळे पुसले आणि उठले सुद्धा. तर हे जागचे हलेनात. त्यांनी विचारलं, ‘गुरुजी, वीरेंद्र किती वर्साचा होता तवा?’

‘आठ. आठाच्या वरच असेल.’

‘मंग त्याचं वय कागदावर दोन-अडीच वर्सं कमी लागलं ना. खऱ्या वयानं तो रिटायर झाला असता, पण त्याची नोकरी अजून दीड वर्स हाय. तुमी माइकवर सांगान की सारी वयं अंदाजानं लिवली, आन् कोणी मोबाईलमध्ये भरून घेतलं, तं त्याच्या मागं चौकशी नाई लागणार का? नका सांगू.’

गुरुजींनी मान डोलावली, नाही सांगत म्हणून. ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मास्तरकी केलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही, माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या ध्यानात आलं नाही, आणि हा ‘मले नाई समजत’वाला एका घोटात सगळं समजून बसला होता. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तूही नाई बोलायचं. तो नोकरीतून सुटेपर्यंत.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली. चौघांच्या नावाचा पुकारा झाला, शाली झाल्या. गुरुजींनी माइक हातात घेतला, ‘माझी सगळी पोरं गुणी होती’ एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मी मूग गिळून बसले होते. रुचिकाबाई सांगत होती की एका वर्षात इतकी मोठी माणसं जन्माला यावीत हा केवढा योगायोग, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

हे मंडपाच्या मागे उभे असतील म्हणून मी वळून पाहिलं. तिथे नव्हते. सत्कार आटोपून चौघं पहिल्या रांगेत येऊन बसले होते आणि वीरेंद्रभाऊंच्या बाजूच्या खुर्चीवर आमचे हे. कोणी बोलावलं नव्हतं, आपणच जाऊन बसले होते. खुशालनं त्यांच्या मांडीवर थाप मारून विचारलं, ‘कुठं होतास रे इतके वर्सं?’ ते म्हणाले, ‘इथंच होतो.’ जेवणाच्या वेळी नूतनताईच्या शेजारी बसले आणि वाढणाऱ्याला सांगून भात मागून घेतला.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, ओट्यावर बसले. मी पाण्याचा गिलास दिला.

‘अल्का,’ ते म्हणाले, ‘मी ढ नव्हतो.’

मामानं म्हटलं, गुरुजींनी म्हटलं, आणि मी? इतक्या वर्षांत भांडणात, कामाच्या घाईत, पोरीसमोर, शेजारणींसमोरही मी त्यांना ढ म्हटलं होतं. किती वेळा ते मोजता यायचं नाही. एकदाही उलटून बोलले नाहीत, कारण त्यांना ते खरंच वाटत होतं. मी त्यांच्या बाजूला खाली बसले आणि म्हटलं, ‘माझं चुकलं.’ लग्न झाल्यापासून हे दोन शब्द मी कधी बोलले नव्हते.

त्यांनी गिलास रिकामा केला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘तुले तरी कसं माहीत राह्यन? मलेच माहीत नव्हतं.’