उजवीकडचा दात

आमचे हे मोतद्दार आहेत. अठ्ठावीस वर्षं एकाच पागेत घोड्यांची देखभाल करताहेत आणि घरी स्वतःचा टॉवेल कुठे आहे ते मला विचारतात. पागेत मात्र त्यांना सगळे ‘वैद्य’ म्हणायचे. नवं घोडं आलं की मालक म्हणणार, “वैद्य, बघा जरा.” मग हे घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून बोट आत सारणार, डोळे मिटणार आणि दातांची सगळी हकिगत सांगणार. डावी बाजू डाव्या हाताच्या बोटानं, उजवी उजव्या. त्यांनी एकदा सांगितलं की विषय संपला.

तपकिरी घोडी तीन वर्षांची झाली आणि तिला लगाम चढवायला सुरुवात केली, तेव्हापासून बिनसलं. लगाम उजवीकडे ओढला की ती मान झटकायची आणि मागच्या पायांवर उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वाराला आपटलं, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. अशा वेळी पहिला संशय दातावर जातो. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक बारका, बिनकामाचा दात येतो. डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात. लगामाची लोखंडी दांडी त्यावर आपटली की जनावर कळवळतं. यांनी बोट घातलं आणि सांगितलं, “तोंड साफ आहे.”

म्हणजे दोष स्वभावाचा ठरला. मालकांनी घोडी विकायला काढली. घेणारा कोण ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या गाडीतून गेलेलं घोडं पुन्हा कुणाला दिसत नाही.

गाडी बाराला येणार होती. त्याआधी तासभर डॉक्टरबाई आल्या, घोडी प्रवासाला धड आहे असा दाखला द्यायला. त्यांनी छाती तपासली, खूर पाहिले आणि पिशवीतून कागद काढला. मीही या पागेत दाणापाणी बघते, तेव्हा दाण्याची बादली धरून दाराशी उभी होते. पागेत कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी एका शिंगरानं यांच्या उजव्या हाताचं बोट चावलं होतं. जखम भरली, पण बोटाच्या टोकाला काही जाणवेनासं झालं. घरी तापल्या तव्याला ते बोट टेकलं तरी यांना वास आल्यावर कळतं. मालकांना सांगा म्हटलं, तर म्हणाले, “आणि लोकांपुढे तोंड काय दाखवू?” मीही मूर्खासारखी गप्प बसले.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “जरा तोंडात बघा ना. उजवीकडे, वर.”

“अगं, मी बघितलंय,” हे म्हणाले.

“तुम्ही बघितलंय म्हणूनच म्हणते.”

मालक हसले. “वैद्य, घरचं भांडण इथे कशाला?”

डॉक्टरबाईंनी बोट घातलं आणि घोडीनं अशी मान उसळवली की त्या भिंतीवर आदळता आदळता वाचल्या. “आहे,” त्या म्हणाल्या. “हिरडीच्या खाली दडलाय. वाटाण्याएवढा. वरून दिसायचा नाही.”

मालकांचं हसू मावळलं. “वैद्य, तुम्ही तर साफ म्हणाला होतात.”

“असा दात कुणाच्याही बोटातून सुटतो हो,” डॉक्टरबाई पटकन म्हणाल्या. इतकी आयती पळवाट मिळाल्यावर कुणीही घेतली असती. हेही घेतील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला त्यांचा राग आला.

“नाही,” हे म्हणाले. “माझ्या या बोटाला काही कळत नाही. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही.”

मालकांनी घड्याळ बघितलं. मग डॉक्टरबाईंना म्हणाले, “गाडी येईपर्यंत काढा. अख्खा निघाला तर घोडी राहील. तुकडा आत राहिला तर आणखी खर्च करणार नाही मी.”

गुंगीचं इंजेक्शन दिलं. घोडीचं डोकं खाली झुकलं, ते यांनी खांद्यावर घेतलं. तोंड मिटू नये म्हणून लोखंडी चौकट अडकवली, हिरडी बधिर केली. मी विजेरी धरली. डॉक्टरबाईंनी बारीक पटाशीसारखं हत्यार आत घातलं आणि दाताभोवती फिरवू लागल्या. “हलू देऊ नका. जवळच मोठी शीर आहे.”

खांद्यावरचं ओझं घेऊन हे दगडासारखे उभे होते. त्यांची मान घामानं निथळत होती. बाहेर फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. घोडीचा कान हलला, मग पाय. गुंगी उतरत होती.

“थोडं अजून औषध देऊ का?” डॉक्टरबाईंनी स्वतःलाच विचारलं आणि तेवढ्यात आत कट् असा आवाज झाला.

मोडला, मी मनात म्हटलं, गेली घोडी. डॉक्टरबाईंनी चिमट्यानं काहीतरी बाहेर काढलं, रक्त पुसलं आणि विजेरीसमोर धरलं. मुळाचं टोक निमुळतं होतं, कुठेही तुटलेलं नव्हतं.

“अख्खा आहे,” त्या म्हणाल्या.

मालक फाटकाकडे गेले. थोड्या वेळानं गाडी मागे वळल्याचा आवाज आला. मी विजेरी बंद केली.

जखम भरायला तीन आठवडे गेले. मग लगाम पुन्हा चढवायचा दिवस आला. लगाम हातात घेऊन हे घोडीजवळ गेले आणि मला हाक मारली. “जरा ये. तू बघ. मला कळत नाही.”

हे वाक्य मी संसारात पहिल्यांदा ऐकलं. जिभेवर आलेली चेष्टा गिळली आणि बोट घातलं. हिरडी गरम, ओली, गुळगुळीत होती. घोडी हललीसुद्धा नाही.

“काही नाही,” मी म्हटलं.

“नीट बघितलंस?”

“दोनदा.”

त्यांनी लगाम माझ्या हातात दिला. “या दोन वर्षांत पाच घोडी गेली त्या गाडीतून,” ते म्हणाले. “पाचही जणांचं तोंड मीच साफ सांगितलं होतं.”

मी लगाम चढवला. घोडी शांत उभी राहिली, आणि त्यामुळेच मला रडू आवरेना.