नऊ नंबरची गाडी

गावंडेकाका गेले त्याला आता पाच आठवडे होतील. त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी पुण्याला ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायला बसले होते. "सर, बाबा गेले. सकाळीच..." एवढंच ती बोलू शकली. मी बाई आहे, वैशालीहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी आहे, आणि तरीही दिग्रसच्या त्या घरात मला सगळे 'सर'च म्हणतात. त्याची एक गोष्ट आहे. काकांबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण त्यांची माझी ओळखच मुळात माझ्या उद्धटपणापासून सुरू झाली.

तेव्हा मी नुकतीच पुण्यात स्थिरावले होते. यवतमाळच्या नोकरदार घरातली मुलगी, वडील सरकारी कचेरीत, आणि मी कॉम्प्युटर इंजिनीअर होऊन मोठ्या शहरात आलेली... डोक्यात थोडं वारं गेलेलंच होतं. इंटरनेटवर प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांचा एक फोरम होता. जगभरचे नवखे तिथे येऊन आपल्या अडचणी मांडायचे आणि ज्यांना येतं ते उत्तरं द्यायचे. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मीही उत्तरं द्यायची. तिथे मी नुसती 'आर. के.' होते. उत्तर जितकं तुटक तितका आपला दरारा जास्त, असं मला वाटायचं. कॉलेजची मुलं आपला गृहपाठ आमच्याकडून करून घेतात असा आम्हा जुन्या लोकांचा समज होता आणि तसा वास आला की आम्ही फटकारायचो.

एके दिवशी असाच एक प्रश्न आला. इंग्रजी मोडकंतोडकं, त्यात स्पेलिंगच्या चुका. प्रश्न असा, की माझी यादी क्रमाने लागत नाही, एक नंबरनंतर एकदम दहा नंबर येतो, कृपया लवकर सांगा. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक जण या खड्ड्यात पडतो. मी एका ओळीत लिहिलं, 'गृहपाठ स्वतः करावा.' आणि डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर होतं. 'सर, माझे वय एकावन्न आहे. गृहपाठ नाही. गेटवर गाड्या उभ्या आहेत आणि लोक माझ्यावर रागावले आहेत.' सोबत त्यांनी आपली यादी जोडली होती. रकान्यांची नावं इंग्रजी लिपीत, पण शब्द आपले: गाव, नाव, गाडी. आणि गावांच्या रकान्यात तुपटाकळी, हरसूल... मी खुर्चीत सरळ बसले. माझं आजोळ दारव्ह्याचं. दिग्रसकडे जाताना तुपटाकळीचं नाव मी लहानपणापासून ऐकत आलेली. अमेरिकेतले आणि कुठकुठले लोक जिथे बोलतात त्या पानावर तुपटाकळी वाचून मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी घाईघाईने विचारलं, तुम्ही दिग्रसचे का? त्यांनी उत्तरात कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसचा फोन नंबर पाठवला. मी लगेच लावला.

"हॅलो, मनोहर गावंडे आहेत का?"

"बोलून राह्यलो. कोन?"

"तुम्ही फोरमवर प्रश्न विचारलाय ना, मी आर. के. बोलतेय."

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सरच्या घरून बोलून राह्यल्या का तुमी? सर हायेत का?"

"मीच सर."

"अरे बाप्पा!" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. पण 'सर' काही सुटलं नाही, ते शेवटपर्यंत.

काका त्या जिनिंगमध्ये काट्यावर बाबू होते. कापसाची गाडी आली की तिचं वजन करून चिठ्ठी फाडायची, हे त्यांचं काम. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पुण्यात आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं, आणि मी यवतमाळची म्हटलं की समोरच्याचा चेहरा लगेच गंभीर व्हायचा. त्या गंभीर चेहऱ्यांना हे माहीत नसायचं, की कापूस पिकला तरी तो विकायला आणून गेटबाहेर दोन-दोन, तीन-तीन दिवस ताटकळावं लागतं. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. माणसं गाडीखालीच झोपायची, भाकरी संपली की शेजारच्या गाडीवाल्याकडे मागायची. रांग सोडून गेलं की नंबर गेला. नव्या काट्याबरोबर जिनिंगला एक कॉम्प्युटर मिळाला होता. बसवणारा माणूस दोन दिवसांत निघून गेला आणि त्याला कुणी हात लावेना. काकांनी लावला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक इंग्रजी पुस्तक आणलं, मुलीची डिक्शनरी शेजारी ठेवली आणि स्वतःच शिकायला लागले. त्यांच्या डोक्यात एकच होतं. आलेल्या प्रत्येक गाडीला नंबर द्यायचा, त्या नंबरला अमुक दिवस सांगायचा आणि माणसाला घरी पाठवायचं. त्यानं आपल्या दिवशी यावं, वजन करावं, जावं.

मी एकदा त्यांना म्हटलं, काका, या सगळ्या परिस्थितीत एवढ्याशा यादीनं काय होणार? त्यांनी जे उत्तर दिलं ते मी पुढे अनेक मीटिंगांमध्ये मनातल्या मनात म्हटलंय. "भाव माह्या हातात नाही. पानी माह्या हातात नाही. पन मानूस तीन दिवस गाडीखाली झोपून राह्यते, थे तं थांबवता येते ना?"

पण त्या पहिल्या फोनच्या दिवशी सगळं बिघडलेलं होतं. कॉम्प्युटरनं आकड्यांना आकडे न समजता अक्षरं समजून ओळीत लावलं होतं. त्यामुळे एकनंतर दहा, अकरा, बारा, मग दोनच्या आधी एकोणीस, आणि नऊ नंबर पार शेवटाकडे. नऊ नंबर तुपटाकळीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा होता. तो पहिल्याच सकाळी आला होता आणि छापील यादीत शंभर गाड्यांच्या मागे जाऊन पडला होता. गेटवर गोंधळ झाला. "गावंडे, कोनाचा वशिला लावला?" असं लोक तोंडावर विचारत होते. वीस वर्षं काट्यावर बसून ज्या माणसावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्याला हे ऐकावं लागलं. मालकानंही सांगून टाकलं होतं, उद्यापर्यंत जमलं नाही तर हे खूळ बंद, जुनी रांगच बरी. आणि अशा वेळी या माणसाला मी गृहपाठ स्वतः कर म्हणून सांगितलं होतं...

"काका, शाळेच्या हजेरीत नावं कशी लावतात? पहिलं अक्षर पाहून, बरोबर?" मी फोनवर म्हटलं. "तुमचा कॉम्प्युटर नंबरांना नावं समजतोय."

"म्हंजे हा आकडा वाचतच नाही! निसतं पह्यलं अक्षर पाह्यते!"

"अगदी तेच. त्याला सांगायचं, की हा रकाना आकड्यांचा आहे."

एका शब्दाची दुरुस्ती होती. मी ती अक्षर-अक्षर सांगितली, त्यांनी वहीत लिहून घेतली, परत वाचून दाखवली. त्या दिवशी मला कळलं की सगळा प्रोग्रॅम ते वहीतच लिहितात. जिनिंगमध्ये इंटरनेट नव्हतं. कामावरून सुटले की वही घेऊन गावातल्या नेट कॅफेत जायचे, तिथे एकेक ओळ टाइप करून प्रश्न टाकायचे, दुसऱ्या दिवशी उत्तर वहीत उतरवून घ्यायचे आणि जिनिंगमध्ये येऊन पुन्हा टाइप करायचे. मधे एखादा स्वल्पविराम सांडला की पूर्ण दिवस वाया. तेवढ्या काळात मी दोन डबे खात असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "सर, नऊ नंबरची गाडी आत गेली." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. काट्यावर गर्दी होती ना.

त्या हिवाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाला यवतमाळला गेले तेव्हा मी मुद्दाम एसटीनं दिग्रसला गेले. गेटबाहेर रांग होती, पण दहा-बारा गाड्यांची. फाटकाजवळ फळ्यावर खडूनं त्या दिवसाचे नंबर लिहिलेले. पांढऱ्या शर्टावर कापसाचे तंतू चिकटलेले, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, असे काका लगबगीनं बाहेर आले आणि मला थेट गाड्यांपाशी घेऊन गेले. "हे आपले सर. पुन्याहून याईनंच सांगतलं होतं सारं." एका म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे पोरगी सर हाये?" तो म्हणाला. आणि मग गाडीतून मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या. मला आजवर मिळालेल्या कुठल्याच शाबासकीची चव त्या शेंगांसारखी नव्हती.

पुढे ते जिनिंग बंद पडलं. काका निवृत्तीच्या आधीच घरी बसले. दुसरा एखादा खचला असता. त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला आणि फोरमवर उत्तरं द्यायला बसले. मी तोवर वरच्या जागेवर गेले होते, फोरमवर क्वचित जायची आणि गेले तरी जुनी खोड उफाळून यायची. एकदा कुणा नवख्याला मी असंच झटकून टाकलं. तासाभरात काकांचा फोन. "सर, एक बोलू? राग नका मानू. त्या मानसाले तुमी असं काहून लिहलं?"

मी म्हटलं, "काका, आधी थोडं शोधायला नको का त्यानं?"

"शोधलंच असन जी. चार लोकाईत हात वर करनं सोपं नसते. मी पह्यला प्रश्न लिहला न, तं बटन दाबाच्या आधी दोनदा उठून बाहीर जाऊन आलतो."

मी माझं उत्तर काढून टाकलं आणि नवं लिहिलं. लिहिताना बराच वेळ लागला.

त्यांची स्वतःची उत्तरं मी नंतर सवडीनं वाचत बसायची. इंग्रजी शेवटपर्यंत तसंच राहिलं, पण सुरुवात ठरलेली असायची: 'काळजी नसावी. ही चूक मीसुद्धा केली होती.' मग एक, दोन, तीन अशा पायऱ्या. मी एकदा विचारलं, "काका, जगातल्या सगळ्या चुका तुम्हीच केल्यात का हो?" ते खळखळून हसले. "अर्ध्या केल्या. अर्ध्या कराच्या राह्यल्या. पन समोरच्याले धीर येते ना!" त्यांच्या उत्तरांवर उभे राहिलेले किती जण नोकरीला लागले हे मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. मुकुटबनची एक मुलगी तेवढी दरवर्षी दिवाळीत त्यांना फोन करायची. ती आता हैदराबादला असते. बाकीचे लोक कुठल्या कुठल्या देशातले, दिग्रस कुठे आहे हे माहीत नसलेले.

मागच्या रविवारी मी काकांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, भेटायला दिग्रसला गेले. दुपारची वेळ होती. पुढच्या खोलीत खिडकीशी काकांचं टेबल, कॉम्प्युटरवर काकूंच्या जुन्या लुगड्याचा शिवलेला अभ्रा. काकूंनीच तो काढला. "पाहा बरं सर, याच्यात काही राह्यलं काय त्यायचं." फोरम उघडला तर काकांच्या नावावर अकरा प्रश्न येऊन पडले होते. मी खुर्ची ओढली आणि पहिल्याचं उत्तर लिहायला घेतलं. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा. पह्यले त्याईले सांगा, का ते गेले म्हनून. वाट पाहून राह्यले असतीन."

मी उठले. "तुम्हीच सांगा, काकू."

काकू कधी त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या. बसल्या. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मराठीच, पण इंग्रजी लिपीतून त्यांनी नवऱ्याच्या जाण्याची बातमी लिहिली. मध्ये दोनदा पदर डोळ्यांना लावला, पण बोट थांबवलं नाही. लिहून झाल्यावर पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "हे आपलं नाही वाटत. याच्यात मराठी नाही लिहता येत काय?"

"येतं की. मी दाखवते."

"तुमी नका दाखवू. त्याईले इचारतो." आणि त्यांनी खाली प्रश्न लिहिला. त्यांच्या आयुष्यातला पहिला.

मी चहा करायला आत गेले. चहा घेऊन आले तर उत्तर येऊन पडलं होतं. कुणा अनोळखी मराठी माणसाचं. आधी दोन ओळी काकांबद्दल, मग नीट ओळीनं, कुठे जायचं, काय दाबायचं. काकूंनी मला मधे बोलू दिलं नाही. चष्मा नाकावर खाली घेऊन त्या एकेक पायरी उतरत गेल्या. दोनदा चुकल्या, दोनदा मागे आल्या. चहा गार झाला. आणि मग पडद्यावर देवनागरीत एक शब्द उमटला, 'जमलं'. काकू हसल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदाच असावं. त्यांनी पुन्हा बोट उचललं आणि त्यापुढे हळूहळू लिहिलं, 'आता दुसरा प्रश्न.'