अनसूयाबाईंचा माग

कोऱ्या धोतराच्या खळीचा वास आला की मला नागपूरच्या विणकर वस्तीतली अनसूयाबाईंची खोली आठवते. चौपन्न-पंचावन्न साल असेल. त्यांचा नवरा वारला होता आणि दिराने घरातल्या सगळ्या सामानावर हक्क सांगितला होता. कोर्टाचा कारकून म्हणून मी यादी करायला गेलो. भांडी, पेटी, खाट लिहून मी मागापाशी आलो.

"हा माग माह्या बापानं मले लग्नात देल्ला," त्या म्हणाल्या.

"साक्षीदार आहे का कोणी, बाई?"

दारात दीर होता, शेजारी होते. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेजारी दारातून मागे सरकले.

"तुमीच लिवा जी," त्या मला म्हणाल्या.

मी लिहिलं, 'माग एक, एकत्र कुटुंबाचा.' शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं म्हणणं नोंदवता आलं असतं. पण साक्षीदार नाही म्हणजे गोष्ट खरी नाही, असं त्या वयात मला वाटायचं. आज माझ्या लग्नाला हजर असलेलं एकही माणूस हयात नाही.

निकाल दिराच्या बाजूने लागला. माग उचलून नेला, तेव्हा विणताना पाय सोडायचा जमिनीतला खड्डा तेवढा मागे राहिला. बेलिफ सांगत होता, सगळे निघून गेल्यावरही बाई त्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या.