रिकाम्या प्लॉटवरचा कढीपत्ता
कढीपत्त्याचं पाकीट फोडलं, की त्या वासाबरोबर मला शारजाच्या खोर फक्कानमधला आमच्या कंपनीचा प्लॉट आठवतो. कंपनी खलास झाली होती, तिची जमीन आता देणी फेडायला नेमलेला लिक्विडेटर विकणार होता आणि ती रिकामी असल्याचा कागद ॲडमिनवाला म्हणून मला आणायचा होता. त्याशिवाय नोकरी सोडायच्या परवानगीचे माझे रिलीजचे पेपर्स हलणार नव्हते, आणि अबू धाबीतली नवी नोकरी काही माझी वाट बघत बसणार नव्हती. प्लॉटवरच्या तापलेल्या पत्र्याच्या खोलीत म्हातारा वॉचमन बारा वर्षं राहत होता. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून त्याने दारात कढीपत्ता वाढवला होता, माझ्या डोक्याच्याही वर गेलेला. चहा देत तो म्हणाला, "साहब, कंपनी नहीं रही, तो ज़मीन किसकी? मैं तो इधर ही रहेगा ना?" मी म्हणालो, "इन्शाल्ला." तोंडावर नाही म्हणायची हिंमत नसली, की इथे आम्ही सगळे हेच म्हणतो. मग 'प्लॉटवर कोणीही राहत नाही' असं लिहिलेल्या कागदावर साक्षीदार म्हणून मी त्याचीच सही घेतली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कंपनीच्या कागदावर आपलं नाव येणार म्हणून त्याने आधी हात धुतले, लुंगीला पुसले, सावकाश सही केली आणि निघताना कढीपत्त्याची भलीमोठी जुडी माझ्या गाडीत ठेवली. परवा फोडणी टाकताना मुलगी म्हणाली, "बाबा, लेट्स ग्रो इट इन द बाल्कनी!" मी म्हणालो, "इन्शाल्ला."