बाहेर न पडणारे म्हातारे

माझ्या बाबांना कुलपात ठेवणारी मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

आई गेल्यावर त्यांना संगमेश्वरहून अबुधाबीला आणलं, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये. जन्मभर पोस्टमन. डोंगरातल्या वाड्या पायी फिरून पत्रं वाटलेला माणूस. मे महिन्यात ते असेच भर दुपारी फिरायला निघाले आणि एकसारख्या भिंतींच्या गल्ल्यांत चुकले. मशिदीच्या सावलीत घेरी येऊन बसले होते. वॉचमनने घरी आणलं. "मॅडम, बाबाजी को अकेला मत छोडना," म्हणाला. नवरा साइटवर, मी ऑफिसात, मुलगी शाळेत. दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरून किल्ली फिरवून जाऊ लागले. आग लागली तर, हा विचार रोज लिफ्टमध्ये यायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बाबा भांडले असते तर मीही भांडले असते. भांडणात आम्ही दोघं कधी हार गेलो नाही.

मग मुलीने त्यांना एक ब्रिटिश विनोदी मालिका लावून दिली. वर्षानुवर्षं चाललेली. तीन रिकामटेकडे म्हातारे हिरव्या टेकड्यांवर भटकतात, काहीतरी उचापत करतात आणि कुणीतरी ओढ्यात पडतं. विनोदांवर बाबा फारसे हसत नसत. त्यांचं लक्ष पायवाटेवर. "डावीकडून गेले असते तर चढ लागला नसता," असं पोस्टमनच्या अधिकाराने सुनवायचे. मला बरं वाटायचं. चला, बाबा रमले.

नोव्हेंबर आला, हवा निवळली, तरी किल्ली माझ्याच पर्समध्ये.

एका शनिवारी सकाळी आम्ही तिघं शेवटाकडचा एक भाग बघत होतो. त्यात नवे लोक टेकडीवर होते आणि पहिल्यापासूनचा लाडका म्हातारा मात्र स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला. आला की तिथेच, बोलला की तिथूनच.

"हा बाहेर का जात नाही?" बाबांनी विचारलं.

मुलीने फोनवर शोधलं. "दे डोन्ट टेक हिम आउट एनीमोर, आजोबा. टू ओल्ड. इट्स नॉट सेफ."

"पायाला लागलंय त्याच्या, असं म्हणते ती," मी घाईने सारवासारव केली.

बाबा माझ्याकडे बघून हसले. जन्मभर इंग्रजी पत्ते वाचलेल्या माणसाला मी थापा मारत होते. "असू दे गं बाय," ते म्हणाले. "त्याच्याही लेकीला नोकरी असेल."

मी भांडी घासायला उठले. भांडी मघाशीच घासून झाली होती.

सोमवारी किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली. "बाबा, दार उघडंच ठेवतेय. बागेपर्यंत जाऊन या. पाणी घेऊन जा," म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता निघाले. दिवसभर कामात लक्ष कसलं लागतंय! दोनदा फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. ते बाहेर असतील तर घरचा फोन उचलणार कोण, आणि नाही उचलला तर मी काय करणार?

संध्याकाळी दार ढकललं. बाबा सोफ्यावर होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पाण्याची बाटली, भरलेली. आणि पायांत बूट. आमच्या घरात चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत, हा नियम त्यांचाच.

"जाऊन आलात?"

"निघालो होतो. दाराशी गेलो नि मनात आलं, तू तिकडे घड्याळ बघत असशील. मग म्हटलं, नको."

म्हणजे कुलूप नव्हतं तरीही मीच त्यांना डांबून ठेवलं होतं. मला रडू फुटलं, आणि त्यांचाच रागही आला. गुडघ्यावर बसून मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. लांब चालायला निघताना ते मारायचे तशी दुहेरी गाठ होती, पक्की. सुटेना. मग सोडायची सोडून मी माझ्याच चपला पुन्हा घातल्या.

"उठा बाबा," म्हटलं, "मी येते मागून. वाट तुम्ही दाखवा."